आधी थाळी उतरवा
घरातला जुना आवाज : भाग ११

जुना रेकॉर्ड प्लेअर घेताना काय तपासायचं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. पण मशीन परगावी असेल, तर पैसे दिले म्हणजे काम झालं असं होत नाही. ते धडपणे घरी पोचायला हवं.

मामाचा लेन्को एल-७५ मी नागपूरहून पुण्याला आणला, तो स्वतःच्या हातांनी बांधून. खाली गादी, चारी बाजूंनी उशा, वर रजई आणि सुतळीचे आठ-दहा वेढे. याच मशीनवर मी पहिल्यांदा केसरबाई ऐकल्या होत्या, त्यामुळे बांधण्यात हयगय केली नव्हती. पुण्यात खोका उतरला तेव्हा त्याला साधा पोचाही नव्हता. उघडला, तर जड थाळी जागेवरून निसटून तिरकी पडलेली, टोनआर्म बुडाशी वाकलेला आणि सुईचा पत्ता नाही. बाहेरून काहीच लागलं नव्हतं. मशीननेच मशीन मोडलं होतं.

लेन्को ही स्वित्झर्लंडमधल्या बुर्गडोर्फची कंपनी. एल-७५ची थाळी जवळजवळ चार किलोची आहे आणि फिरण्यातली स्थिरता तिला त्या वजनामुळेच येते. त्याच पाटावर, वीतभर अंतरावर, तबकडीवर दोन-अडीच ग्रॅमच्या भाराने टेकणारी सुई असते. घरात या दोघांचं उत्तम जमतं. ट्रकमध्ये मात्र ती थाळी म्हणजे सुईच्या शेजारी ठेवलेला सुटा वरवंटा.

थोडं गणित करू, कारण पॅकिंगचं सगळं मर्म त्यात आहे. खोका हमालाच्या हातून कमरेच्या उंचीवरून, म्हणजे ७५ सेंटिमीटरवरून निसटला आणि आतली वस्तू एका सेंटिमीटरात थांबली, तर तिच्या प्रत्येक भागाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे ७५ पट धक्का बसतो. चार किलोची थाळी त्या क्षणी तीनशे किलोची होऊन खालच्या बेअरिंगवर आदळते. तीच वस्तू पाच सेंटिमीटर दबत दबत थांबली, तर धक्का १५ पटींवर येतो, थाळीपुरता साठ किलोंवर. म्हणजे आपण खोक्यात फोम भरतो तो थांबायला अंतर मिळावं म्हणून. माझ्या गाद्या-उशांनी ते दिलं नाही. मशीनच्या वजनानेच त्या आधी दबून गेल्या होत्या. फोमवर मशीन ठेवा आणि वरून तळहाताने जोर द्या. खालची जमीन लागली, तर तो फोम उपयोगाचा नाही. शिवाय कुठलाही फोम पूर्ण जाडीभर दबत नाही, म्हणून पाच सेंटिमीटर हवे असतील तर आठ-दहाचा थर धरा.

पण फोमच्याही आधी मशीन सुटं करायचं. पहिली उतरवायची ती थाळी. ती कागदात, मग फोममध्ये गुंडाळून खोक्याच्या तळाशी सपाट ठेवा आणि तिच्यावर ताठ पुठ्ठ्याचा पडदा घाला. नंतर टोनआर्मच्या मागचं वजन काढा. एल-७५मध्ये आर्मचा मागचा तुकडा रबराने जोडलेला असतो, ते रबर इतक्या वर्षांत लोंबलेलं असतं, आणि त्यावर वजन तसंच राहिलं तर प्रवासात ते तुटायचंच. सुईवर तिचं कवच चढवा. शक्य असेल तर पुढची हेडशेल कार्ट्रिजसकट काढून छोट्या डबीत ठेवा. रिकामा आर्म त्याच्या टेकूला लोकरीच्या धाग्याने बांधा. रबरबँड नको, उन्हाळ्यात तो वितळून आर्मला चिकटतो. मोटर स्प्रिंगांवर टांगलेली असते, तीही हलणार नाही अशी अडवा. बेल्टवर चालणारं मशीन असेल तर बेल्ट काढा. झाकण वेगळं गुंडाळा.

बबलरॅप थेट लाकडावर गुंडाळू नका. उन्हात तापलेल्या गाडीत पॉलिशवर त्या फुग्यांचे गोल ठसे उमटतात आणि मग जात नाहीत. आधी जुनं धुवट धोतर किंवा सुती साडी, मग बबलरॅप. थर्माकोलच्या सुट्या गोळ्या मला अजिबात नको वाटतात. गाडीच्या हादऱ्यांनी जड मशीन त्यांतून हळूहळू खाली बसतं आणि शेवटी पुठ्ठ्याला टेकतं. कोकणातून येणारी हापूसची पेटी आठवा. प्रत्येक आंब्याभोवती पेंढा असतो, फळ फळाला घासत नाही, फळीला टेकत नाही. पेटी हलवून पाहिली तर आत काही हलत नाही. आपल्या खोक्यातही हेच साधायचं आहे.

खोके दोन हवेत. आतल्यात मशीन घट्ट बसवायचं, आणि तो खोका जाड, सात-प्लायच्या मोठ्या खोक्यात सहाही बाजूंनी फोम देऊन ठेवायचा. ‘नाजूक माल’ जरूर लिहा, पण भरवसा फोमवरच ठेवा.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर व्हॉल्व्ह सरळ वर ओढून काढा, कुठला कुठल्या सॉकेटमधला ते लिहून प्रत्येक वेगळा गुंडाळा. ट्रान्सफॉर्मरचं वजन बहुधा एकाच बाजूला असतं. तिकडे जास्त घट्ट फोम लागतो आणि खोक्यावरही ती बाजू खुणेने दाखवावी. चावीचा ग्रामोफोन असेल तर आधी स्प्रिंग पूर्ण उतरू द्या, मग चावी, कर्णा आणि साउंडबॉक्स काढा. चावी दिलेली स्प्रिंग गाडीत पाठवणं धोक्याचं आहे.

काढलेले स्क्रू पुठ्ठ्याच्या तुकड्यावर टेपने चिकटवा आणि प्रत्येकाखाली त्याची जागा लिहा. मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. आणि आतल्या खोक्यावर, उघडल्या उघडल्या दिसेल असा एक कागद ठेवा. मामाचा लेन्को दुरुस्त होऊन पुढे बहिणीकडे बेळगावला गेला, तेव्हा मी त्यावर लिहिलं होतं: ‘थाळी तळाशी आहे, पडद्याखाली. मोटरचा अडसर काढ. मग थाळी बसव. आर्मचा धागा सगळ्यात शेवटी सोड. तोवर प्लग लावू नकोस.’ संध्याकाळी तिचा फोन आला. ती काही बोलायच्या आधीच मागून केसरबाईंचा आवाज ऐकू येत होता.

(पुढील आठवड्यात : लाखेच्या तबकड्यांची बांधाबांध)