टेस्टोस्टेरॉन उपचार आणि रक्ताच्या गुठळ्या

टेस्टोस्टेरॉन उपचार म्हणजे ज्या पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, त्यांना ते बाहेरून देण्याची पद्धत होय. इंजेक्शन, त्वचेवर लावायची जेल, चिकटपट्टी किंवा कॅप्सूल या स्वरूपांत ते दिले जाते. शिरेत रक्ताची गुठळी होणे हा या उपचाराचा एक संभाव्य दुष्परिणाम आहे. एकूणात हा धोका लहान असला, तरी तो सर्वांना सारखा नसतो.

पार्श्वभूमी

टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणांत तयार होते. वृषणांच्या किंवा पीयूषिका ग्रंथीच्या विकारांमुळे, तसेच क्लाइनफेल्टर सिंड्रोमसारख्या जन्मजात स्थितीत त्याची कमतरता निर्माण होते. निदानासाठी लक्षणांबरोबरच वेगवेगळ्या दिवशी सकाळी केलेल्या किमान दोन रक्तचाचण्यांत पातळी कमी आढळणे आवश्यक मानले जाते. केवळ वयोमानामुळे झालेल्या घटीसाठी हा उपचार करावा की नाही, याबाबत मतभेद आहेत.

गुठळी होण्याची कारणे

टेस्टोस्टेरॉनमुळे हेप्सिडिन या संप्रेरकाची पातळी घटते. हेप्सिडिन लोहाच्या शोषणाला आवर घालते. ते कमी झाल्याने रक्तनिर्मितीसाठी अधिक लोह उपलब्ध होते. मूत्रपिंडांतून स्रवणाऱ्या इरिथ्रोपोएटिनची पातळीही वाढते. परिणामी अस्थिमज्जेत तांबड्या पेशी अधिक तयार होतात आणि रक्त दाट होते. रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण हेमॅटोक्रिट या चाचणीने मोजतात. जेलपेक्षा इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण अधिक वेळा वाढते.

मात्र प्रत्येक गुठळीचे कारण दाट रक्त हेच असते असे नाही. फॅक्टर ५ लायडन या जनुकीय बदलासारखी रक्त गोठण्याची आनुवंशिक प्रवृत्ती अनेकांत निदान न होता दडलेली असते. अशा व्यक्तींत उपचार सुरू झाल्यावर गुठळ्या झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. लठ्ठपणा, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे यांमुळेही गुठळीची शक्यता वाढते.

संशोधन

२०१६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांत शिरेतील गुठळ्यांचे प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. त्यानंतर ही वाढ ओसरली. प्रत्यक्ष संख्येत ही वाढ दर १०,००० व्यक्तिवर्षांमागे सुमारे १० अतिरिक्त घटना इतकी होती.

अमेरिकेतील 'ट्रॅव्हर्स' या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका अधिक असलेल्या, ४५ ते ८० वर्षे वयोगटातील ५,२०० हून अधिक पुरुषांचा तीत समावेश होता. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण जेल वापरणाऱ्यांत ७.० टक्के, तर निष्क्रिय जेल वापरणाऱ्यांत ७.३ टक्के होते. फुप्फुसात गुठळी अडकण्याचे प्रमाण मात्र अनुक्रमे ०.९ व ०.५ टक्के आढळले. त्यामुळे हृदयविकाराचा धोका आणि शिरेतील गुठळीचा धोका हे दोन स्वतंत्र प्रश्न ठरतात. एकाविषयीचा दिलासा दुसऱ्याला लागू होत नाही.

नियमन व देखरेख

तांबड्या पेशी वाढल्याने होणाऱ्या गुठळ्यांचा इशारा अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकात आधीपासून होता. पेशींची वाढ नसतानाही गुठळ्या झाल्याच्या नोंदी आल्यावर, जून २०१४ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने सर्वसाधारण इशारा समाविष्ट करण्यास सांगितले.

एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्त गोठण्याची प्रवृत्ती असलेल्यांना हा उपचार देऊ नये. हेमॅटोक्रिटची चाचणी उपचारापूर्वी, सुरुवातीनंतर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करावी. ते ५४ टक्क्यांहून अधिक झाल्यास पातळी सुरक्षित मर्यादेत येईपर्यंत औषध थांबवावे व नंतर कमी मात्रेत सुरू करावे. वैद्यकीय देखरेखीविना शरीरसौष्ठवासाठी टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांच्या अशा चाचण्या होतीलच असे नाही. शिवाय त्यांची मात्राही अनेकदा उपचारातील मात्रेहून बरीच अधिक असते.

लक्षणे

गुठळी बहुधा पायातील खोल शिरेत होते. एका पायाला सूज, दुखणे, उष्णता व लाली ही तिची लक्षणे आहेत. गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास अचानक धाप लागते, श्वास घेताना छातीत दुखते आणि काही वेळा खोकल्यातून रक्त पडते. ही स्थिती प्राणघातक ठरू शकते, म्हणून तातडीने रुग्णालयात उपचार घेणे आवश्यक असते.