नारूचा वाहक : सायक्लॉप्स

सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेचा. अशा गावांत बारवेच्या पाण्याचं मोल सांगायला नको. असं साचलेलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हासमोर धरलं, की पांढुरके ठिपके झटके देत सरकताना दिसू शकतात. हाच सायक्लॉप्स. कोळंबी-खेकड्यांचा हा गोत्रज जेमतेम ०.५ ते ३ मिलिमीटरचा. डोक्यावर मधोमध एकच डोळा, आणि मादीच्या शेपटीशी दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या.

नारू म्हणजे माणसाच्या अंगात वाढणारा जंत आणि त्याचा रोग. तो पसरायचा सायक्लॉप्सच्या पोटातून. पाण्याबरोबर सायक्लॉप्स गिळला गेला, की तो जठरात मरे आणि नारूची अळी मोकळी होई. साधारण वर्षभरानं हातभर लांबीची मादी बहुधा पायावरच्या फोडातून डोकं काढी. ती काडीला गुंडाळत रोज थोडीथोडी ओढावी लागे, किती यातना! आग शमवायला माणूस बारवेत पाय बुडवी आणि नेमक्या त्याच क्षणी नारू पाण्यात हजारो अळ्या सोडी; त्या पुन्हा सायक्लॉप्सच्या पोटात जात.

लस नव्हती, नारू मारणारं औषधही नव्हतं. पाणी फडक्यानं गाळणं, सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकणं, पायऱ्या बुजवून कठडे बांधणं आणि हातपंप, एवढ्यावर हा रोग हटला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानात आढळला. २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

सायक्लॉप्स अजूनही पाण्यात आहे. त्याचा भाऊबंद मेसोसायक्लॉप्स तर डासांच्या अळ्या फस्त करतो. व्हिएतनाममध्ये डेंग्यू रोखायला तो मुद्दाम पाण्याच्या टाक्यांत सोडला गेला.