लंडनचा आराखडा, गौडचा दगड

कोलकात्यात राज्यपालांच्या निवासस्थानाजवळ उभे असलेले सेंट जॉन्स चर्च म्हणजे लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सची नक्कल, असे म्हणून लोक मोकळे होतात. वरवर ते खोटेही नाही. खांबांच्या दर्शनी मंडपामागून उंच मनोरा वर काढायचा, ही वास्तुकार जेम्स गिब्जची करामत. त्याने १७२८ मध्ये आपले आराखडे छापले आणि ते पुस्तक हाताशी धरून पार अमेरिकेपर्यंत चर्चे उठली. सेंट जॉन्स बांधताना बंगालमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला लेफ्टनंट जेम्स ॲग हाही त्याच वाटेने गेला. पण आराखडा उसना म्हणून इमारतही उसनी ठरवणे घाईचे आहे. कोलकाता गाळावर वसलेले; तिथे खणले तर चिखल लागतो, दगड नाही. म्हणून बंगालची देवळे आणि हवेल्या विटांच्या. अशा गावात १७८७ मध्ये दगडी मनोऱ्याचे चर्च उभे राहिले, तेव्हा लोकांनी त्याला ‘पाथुरे गिर्जा’, म्हणजे दगडी चर्च, म्हटले. त्यांच्या नजरेत भरला तो दगड. गिब्ज कोण, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. जागा दिली शोभाबाजारच्या नवकृष्ण देव यांनी, आणि काही पैसा चक्क लॉटरीतून उभा राहिला. पुढे १८११ मध्ये बाजूंना खांबांचे सोपे जोडले गेले, ते उन्हाचा ताप अडवायला. लंडनच्या आराखड्यात या उन्हाचा हिशेब कुठून असणार?

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे. बराचसा दगड आला मालदा जिल्ह्यातल्या गौडहून, बंगालच्या सुलतानांच्या ओसाड राजधानीतून. त्या अवशेषांची मोडतोड करून आणलेल्या दगडाला ‘स्थानिक’ म्हणणे म्हणजे लुटीला गोंडस नाव देणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याने चर्चची शोभा कमीच होते. नकलेचा मुद्दा मात्र त्यामुळे आणखी लंगडा पडतो, कारण चर्चमधल्या गौडच्या राखाडी-निळसर फरशीत बंगालचा इतिहास अंथरलेला आहे, लंडनचा नाही. दुसरे कोणी म्हणेल, इंग्रजांना घरचाच नमुना ठाऊक, ते करणार काय? त्याचे उत्तर त्याच आवारात आहे. कंपनीचा जुना अधिकारी जॉब चार्नॉक याची सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली समाधी अष्टकोनी, कमानींची, सरळसरळ इथल्या मकबऱ्यांच्या वळणाची आहे. म्हणजे इथल्या धाटणीत बांधणे इंग्रजांना जमत होते. शतकभराने त्यांनी ते टाळले, कारण तोवर ते बंगालचे सत्ताधारी झाले होते. गिब्जचे पुस्तक उघडण्यामागे ही ऐट होती. ती कितीही असली, तरी उन्हापुढे सोपे बांधावेच लागले.