समुद्रतळावरचा ‘धूर’ शोधायचा कसा?

डिसेंबर 2024 मध्ये गोव्याची एनसीपीओआर आणि चेन्नईची एनआयओटी यांच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात 4,500 मीटर खोल, गरम पाण्याच्या जिवंत झऱ्याचे फोटो टिपले. तिथल्या काळोखात तो सापडतो कसा?

समजा, तुम्ही जहाजावर आहात. झऱ्याचं तोंड जेमतेम काही मीटरचं. तेच शोधत बसलात तर मोहिमेचे दिवस संपतील. म्हणून आधी खूण शोधायची. भेगांत मुरलेलं पाणी मॅग्मामुळे तापतं, खडकातले धातू घेऊन वर येतं. थंड पाण्यात मिसळताच सल्फाइडचे काळे कण तयार होतात. हा ‘धूर’ वर चढून आडवा, दूरवर पसरतो. तिथे तापमान आणि गढूळपणा किंचित बदलतो. त्याचा माग काढायचा, मगच स्वयंचलित पाणबुडी तळाशी सोडायची.

विषय निवडताना तुम्हीही विचारा: मूळ गोष्ट दिसत नसेल, तर तिची मोजता येणारी खूण कोणती?