घोड नदीच्या दरडीत हिमयुग

शिरूर-दौंडकरांनो, घोड किंवा भीमेकाठची उभी दरड जवळून पाहिलीय का? पिवळट गाळ, मध्ये वाळू-गोट्यांचे थर, पांढरे चुनखडे. ही हिमयुगाची नोंद आहे!

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी ध्रुवांकडे बर्फाचे प्रचंड थर साठले होते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती आणि आपला मोसमी पाऊस दुबळा होता. नद्यांना गाळ वाहून नेण्याइतका जोर नव्हता, म्हणून तो पात्रातच साचत गेला. पुढे बर्फ वितळला, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पाऊस जोमाने परतला आणि नद्यांनी स्वतःच टाकलेला गाळ कापून काढला. आजच्या दरडी अशा घडल्या. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे यांनी या थरांचा फार मोलाचा अभ्यास केला.

अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रतळाचा गाळही असाच वाचतात. हिमनग वितळताना त्यांतले खडे तळाशी पडतात. कोणत्या थरात ते किती, यावरून बर्फ केव्हा मागे हटला ते कळते.

शिरूर तालुक्यातलं इनामगावही घोड नदीकाठीच. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. तिथली शेतकरी वस्ती इ.स.पू. ७००च्या सुमारास ओस पडली. वाढता कोरडेपणा हे त्याचं कारण पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी मांडलं.

दरडीत हाड, दगडी हत्यार किंवा राखेचा थर दिसला तर उकरू नका. फोटो काढा, जागा टिपा आणि डेक्कन कॉलेजला कळवा.