ज्ञानकोशीय नोंदीतील दुवा : एक मूक विधान

ज्ञानकोशातील कोणतीही नोंद स्वयंपूर्ण नसते. तिचा अर्थ इतर नोंदींशी असलेल्या संबंधांतून पूर्ण होतो. मुद्रित कोशांत हा संबंध परस्परनिर्देशाने दाखविला जातो. मराठी विश्वकोशाने (पहिला खंड १९७६) त्यासाठी मजकुरात बाणाचे चिन्ह आणि नोंदीच्या अखेरीस ‘पहा’ ही सूचना योजली. आंतरजालावरील ज्ञानकोशात हेच कार्य दुवा करतो. परंतु दुवा देणे तेथे इतके सुलभ आहे की, वाक्यातील प्रत्येक नामाला तो देता येईल. त्यामुळे खरा प्रश्न दुवा कसा द्यावा हा नसून केव्हा द्यावा हा आहे. दुवा म्हणजे दोन संकल्पनांमधील संबंधाविषयी केलेले मूक विधान होय, आणि म्हणून त्याला विधानाचेच निकष लावले पाहिजेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

परस्परनिर्देशाचे हे सामर्थ्य फ्रेंच ‘आंसिक्लोपेदी’च्या संपादकांनी ओळखले होते. पाचव्या खंडातील (१७५५) ‘ज्ञानकोश’ या नोंदीत दिदरो याने शब्दांचे निर्देश आणि विषयांचे निर्देश असा भेद केला आहे. विषयांचे निर्देश एका नोंदीला दुसरीचा आधार देऊ शकतात, त्याचप्रमाणे तिला छेदही देऊ शकतात, असे तो मानतो. पहिल्या खंडातील (१७५१) नरमांसभक्षकांवरील नोंद ख्रिस्ती प्रसादविधीवरील नोंदीकडे बोट दाखविते. मजकुरात उघडपणे जे म्हणता आले नसते, ते केवळ निर्देशाने सूचित झाले. निर्देश तटस्थ नसतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

विकिपीडियाच्या (२००१) संपादकांमध्ये याविषयी हळूहळू काही संकेत रूढ झाले. विषय समजण्यास आवश्यक असेल तेथे दुवा द्यावा. सर्वपरिचित शब्दांना देऊ नये. एकाच शब्दाला पुनःपुन्हा देऊ नये. दुव्याचा शब्द पाहून वाचक जी अपेक्षा करील, त्याच नोंदीवर तो पोहोचावा. इंग्रजी विकिपीडियात दिनांकांनाही सर्रास दुवे दिले जात. २००८ मध्ये ही प्रथा त्याज्य ठरविण्यात आली, कारण अशा दुव्यांच्या गर्दीत महत्त्वाचे दुवे लोपून जातात.

या संकेतांचा कस ‘ज्ञानेश्वरी’वरील नोंदीच्या आधारे पाहता येईल. भगवद्गीता, ओवी आणि नेवासे यांना दुवे आवश्यक आहेत. ‘ग्रंथ’, ‘गुरू’ वा ‘भाषा’ यांना नाहीत. ‘ओवी’ मराठी वाचकास परिचित असली, तरी दिल्ली वा हैदराबाद येथील अभ्यासकास तिची ओळख असेलच असे नाही. परिचित काय, याचा निर्णय वाचकवर्ग कोणता मानला यावर अवलंबून असतो. ‘नाथ’ हा शब्द अधिक अवघड आहे. ज्ञानेश्वरांच्या गुरुपरंपरेच्या संदर्भात तो नाथ संप्रदायाचा वाचक आहे, तर शके १५०६ (इ. स. १५८४) मधील पाठशुद्धीच्या संदर्भात ‘नाथांनी’ म्हणजे एकनाथांनी. एकाच नोंदीत एकाच शब्दाला दोन भिन्न दुवे द्यावे लागतात. येथे दुवा देणारा संपादक प्रत्यक्षात अर्थनिर्णय करीत असतो.

मराठीच्या रूपव्यवस्थेमुळे हे काम अधिक सावधपणे करावे लागते. इंग्रजीत शीर्षकाला प्रत्यय जोडला तरी मूळ शब्द बहुधा तसाच राहतो. मराठीत ‘नेवासे’चे ‘नेवाशात’ आणि ‘पुणे’चे ‘पुण्याला’ होते. सामान्यरूपामुळे दृश्य शब्द आणि नोंदीचे शीर्षक यांत फरक पडत असल्याने दोन्ही स्वतंत्रपणे लिहावी लागतात. संपादकाला प्रत्येक वेळी थांबून गंतव्य नोंद निश्चित करावी लागते. हा थांबा एका अर्थी उपकारकच म्हणावा लागेल.

तुलनाकारासाठी सर्वाधिक महत्त्वाचा प्रश्न भाषांना जोडणाऱ्या दुव्यांचा आहे. मराठी आणि कन्नड भाषांत ‘कादंबरी’ हे साहित्यप्रकाराचे नाव आहे. मुळात ते बाणभट्टाच्या कृतीचे. हिंदी व बंगालीत त्या प्रकाराला ‘उपन्यास’ म्हणतात, तर कन्नडमध्ये ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान. केवळ शब्दसाम्यावरून दुवा जोडल्यास वाचक भलत्याच ठिकाणी पोहोचेल. २०१३ पासून विकिपीडियातील असे दुवे विकिडेटा या सामायिक संग्रहातून दिले जाऊ लागले. तेथील एका घटकाशी प्रत्येक भाषेतील सामान्यतः एकच नोंद जोडता येते. म्हणजे ‘बखर’ ही नोंद युरोपीय इतिवृत्तावरील नोंदींशी जोडली, तर दोन्ही प्रकार एकच आहेत असे विधान होते. नोंदीच्या मजकुरात मात्र ‘बखरीचे इतिवृत्ताशी साम्य आहे, तथापि...’ असे लिहून मग दुवा देता येतो. त्या ‘तथापि’मध्येच तुलनेचे सारे काम सामावलेले असते.

हीच सावधगिरी साम्य आणि प्रभाव यांबाबतही बाळगावी लागेल. ज्ञानेश्वरी आणि दान्तेचे महाकाव्य या दोन्ही कृतींनी विद्वत्मान्य भाषेऐवजी लोकभाषेचा स्वीकार केला आणि त्यांच्या काळातही फारसे अंतर नाही. परंतु ज्ञानेश्वरीच्या नोंदीखाली दान्तेचा नुसता दुवा दिल्यास साम्य, प्रभाव की योगायोग यांपैकी काय अभिप्रेत आहे, हे वाचकास कळणार नाही. त्याला संबंध दिसेल, परंतु आधार दिसणार नाही.

अस्तित्वात नसलेल्या नोंदीकडे जाणारा लाल दुवा मात्र वेगळ्या कारणाने मोलाचा आहे. मराठी विकिपीडियासारख्या (२००३) प्रकल्पात तो उणिवेची नोंद ठेवतो आणि पुढील लेखनाची दिशा दाखवितो. ज्या विषयावर नोंद होणे खरोखर उचित आहे, तेथेच तो द्यावा. तो लाल दिसतो एवढ्याच कारणाने काढून टाकणे म्हणजे उणीव झाकणे होय.

सारांश, दुवा देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. या शब्दावाचून प्रस्तुत वाक्य अपुरे राहते काय? गंतव्य नोंद नेमक्या याच अर्थाची आहे काय? आणि दुव्याने सुचविलेला संबंध आपण वाक्यात उघडपणे लिहिण्यास तयार आहोत काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो संबंध आधी वाक्यात सिद्ध करावा आणि मगच दुवा द्यावा.