शिरेतून औषध देताना वेळ कुठे वाचवावा?

समजा, हावड्यातल्या एका रुग्णालयात तुमची सकाळची पाळी आहे. आठ वाजता सहा रुग्णांना शिरेतून औषधे द्यायची आहेत आणि मदतीला दुसरे कोणी नाही. अशा वेळी औषध भरभर सोडण्याचा मोह होतो. पण वेळ तिथे वाचवायचा नसतो.

व्हॅन्कोमायसिन १ ग्रॅम २०० मिली सलाइनमधून किमान ६० मिनिटांत द्यावे लागते. घाई केली तर शरीरात हिस्टामिन सुटते. चेहरा आणि मान लाल होते, रक्तदाब घसरतो. १ मिलीला २० थेंब पडणारा संच असेल तर हिशोब असा: २०० × २० ÷ ६०, म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ थेंब.

म्हणून हे सलाइन आधी लावा. ते चालू असताना, मधूनमधून रुग्णाकडे आणि थेंबांकडे पाहत, सेफ्ट्रायॅक्सोनसारखी २ ते ४ मिनिटांत देता येणारी इंजेक्शने उरका. दिवसातून दोनतीनदा द्यायच्या बहुतेक औषधांना तासभर मागेपुढे चालते, असे अमेरिकेतील आयएसएमपी संस्थेच्या २०११ च्या सूचना सांगतात; तरी आपल्या रुग्णालयाचा नियम आधी पाहा. उशीर झालाच तर खरी वेळ लिहा.

पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल मात्र थेट शिरेत कधीच नाही, हृदय बंद पडू शकते. ते विरळ करूनच, लिहून दिलेल्या वेगाने द्यायचे. वेग लिहिलेला नसेल तर डॉक्टरांना विचारा, तोवर औषध थांबू द्या.